पिवडी की गेरू?

घर रंगवायला काढलंय आणि भिंतींना ऊबदार छटा हवी आहे? मग शेड कार्ड उघडण्याआधी हे दोन जुने रंग बघाच.

दोन्ही मातीचे, दोन्हींत लोह. फरक पाण्याचा! पिवडीतल्या गोएथाइट या खनिजात पाणी बांधलेलं असतं. ती साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की पाणी निघून जातं आणि हेमॅटाइट उरतं, म्हणजेच गेरूचा लाल. एकाच कुळातले असल्यामुळे शेजारीशेजारी दिले तरी ते छान जमतात. उन्हाने सहसा विटतही नाहीत.

खोलीत मात्र दोघांचं वागणं फार वेगळं. चुन्यात कालवलेली फिकी पिवडी उजेड परत फेकते, म्हणून ऊन न येणाऱ्या उत्तरेकडच्या खोलीला मी तीच सुचवेन. गेरू उजेड गिळतो. लहान खोलीत चारही भिंतींना दिला तर खोली आणखी आक्रसते. एकाच भिंतीला द्या. वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं किती उठून दिसतात, आठवा!

दिवेही तपासा. 2700 केल्विनच्या पिवळसर उजेडात गेरू खुलतो, 6500 च्या पांढऱ्या उजेडात तोच निस्तेज वाटतो.

दुकानातल्या इंचभर तुकड्यावरून ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि सकाळी, दुपारी, दिवेलागणीला बघा. चुन्यातला रंग वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा ओला असताना गडद दिसला तर घाबरू नका.