विश्लेषण : हिंगोलीच्या दिवाणखान्यात समुद्र? प्रवाळ मत्स्यालयाचे कष्ट, खर्च आणि कायदा

मोबाइलवर निळ्या प्रकाशात डोलणारी प्रवाळे आणि त्यांच्या आडोशाला खेळणारे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश पाहिले की, ‘असे काही आपल्याही घरी असावे’ असे वाटणे साहजिक आहे. पण हिंगोलीहून समुद्र सरळ रेषेत साधारण साडेचारशे किलोमीटर दूर आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, बोअरचे पाणी जड असते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यातच प्रवाळ हा भारतात कायद्याने संरक्षित प्राणी आहे. मग घरात समुद्री मत्स्यालय उभारता येते का? येत असेल तर कोणते, कसे आणि कशाच्या बदल्यात?

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे काय?

प्रवाळ दिसतो झाडासारखा किंवा दगडासारखा, पण तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. समुद्रात यालाच ‘ब्लीचिंग’ म्हणतात.

प्रवाळाचा सांगाडा पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमपासून बनतो. परदेशातले अनेक छंदिष्ट त्यासाठी टाकीत चुन्याची निवळी थेंबथेंब सोडतात. म्हणजे प्रवाळ मत्स्यालय ही केवळ शोभेची टाकी नसते. समुद्रात क्षार, उष्णता आणि प्रकाश यांचे प्रमाण फारसे हलत नाही. तेच प्रमाण घरात यंत्रांच्या बळावर रात्रंदिवस राखावे लागते.

भारतात घरी प्रवाळ ठेवता येते का?

या छंदातला पहिला प्रश्न पैशांचा नाही, कायद्याचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि पंख्यासारखे दिसणारे सी-फॅन यांना वाघाच्याच तोडीचे संरक्षण आहे. समुद्री घोडेही पहिल्याच अनुसूचीत येतात. जिवंत प्राण्याबरोबर त्याचा वाळलेला सांगाडाही संरक्षणाखाली येतो. म्हणून शोकेसमधला पांढराशुभ्र ‘समुद्री दगड’देखील अडचणीत आणू शकतो.

कायद्यातील २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘माल परदेशी आहे, काही होत नाही’ या तोंडी हमीला कायद्यापुढे किंमत नाही.

या संरक्षणाचा अर्थ मुंबईच्या एका उदाहरणावरून कळतो. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवायच्या, तर महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांची मदत घ्यावी लागली. जिथे महापालिकेला परवानगी लागली, तिथे दुकानातून पिशवीत घालून आणलेल्या तुकड्याचे काय, हे वेगळे सांगायला नको.

अनुसूचीत नसलेल्या मऊ प्रजातीही दुकानांत दिसतात. पण नेमकी प्रजात ओळखणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातले नाही. पक्के बिल आणि आयातीची कागदपत्रे नसतील तर घेऊ नये, आणि शंका असेल तर वन विभागाला लेखी विचारावे.

मग कायदेशीर पर्याय कोणता?

खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळाऐवजी मानवनिर्मित सच्छिद्र खडक, अशी टाकी करता येते. तिची रचना प्रवाळ मत्स्यालयासारखीच दिसते, मात्र प्रकाश आणि रसायनांचा भार कमी असतो. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ टाळावा. तो बहुधा प्रवाळाचाच तुकडा असतो.

मासे निवडताना बंदिस्त जागेत पैदास झालेले घ्यावेत. या बाबतीत क्लाउनफिश सर्वांत सोयीचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथे त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. आपल्याकडे नवी मुंबईतील ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. अशा माशाला कोरडे खाद्य खायची आणि टाकीत राहायची सवय असते. जगण्यासाठी त्याला समुद्रफूल लागतेच असे नाही. समुद्रातून पकडलेल्या माशांबद्दल मात्र खात्री देता येत नाही. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड वापरले जाते. असा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत मरतो.

टाकी किती मोठी आणि ठेवायची कुठे?

नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी असे अनेकांना वाटते. खाऱ्या पाण्यात हा सल्ला उलटा ठरतो. पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान आणि क्षार सावकाश बदलतात आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ५०० लिटर पाणी मावते.

पण त्याचे वजन लक्षात घ्या. पाणीच ५०० किलोहून जास्त. काच, खडक आणि स्टँड धरून एकूण भार ७०० ते ८०० किलोंवर जातो, आणि तोही जेमतेम दहा चौरस फुटांवर. राहत्या घराची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भाराचा हिशोब धरून बांधतात. टाकीखालच्या जागेवर भार त्याच्या चौपट होतो. त्यामुळे तळमजल्याची पक्की जमीन सर्वांत उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायची तर बीम कुठून गेले आहेत ते पाहून आधी इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्याचा विचारही करू नये. टाकी खिडकीतल्या उन्हात किंवा पत्र्याच्या छताखालीही नको.

पाणी कोठून आणायचे?

बेसाल्टच्या खडकातून येणारे बोअरचे पाणी जड असते. शेतीभागात त्यात नायट्रेटही उतरते. त्यामुळे शेवाळ माजते आणि मासे आजारी पडतात. म्हणून आरओचे पाणी घेऊन ते आणखी एका डीआयोनायझिंग फिल्टरमधून काढावे लागते. मीटरवर त्याचे टीडीएस शून्य दिसले पाहिजे.

त्यात मत्स्यालयासाठीचे खास सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिसळायचे. म्हणजे ५०० लिटरला साडेसतरा किलोंहून अधिक मीठ. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षारही असतात. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास हवी. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा.

आता महिन्याचा हिशोब. रोज पाच लिटर वाफ झाली तर महिन्याला १५० लिटर. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर आणखी १०० लिटर. असे २५० लिटर शुद्ध पाणी मिळवताना आरओ त्याच्या दोन-तीनपट पाणी बाहेर टाकतो. म्हणजे नळाचे वा टँकरचे ७५० ते १००० लिटर पाणी खर्ची पडते. कयाधूचे पात्र कोरडे पडते त्या दिवसांत हा आकडा विसरून चालणार नाही. आरओचे बाहेर पडणारे पाणी धुण्याभांड्यांसाठी साठवावे. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांना किंवा शेतात घालू नये.

हिंगोलीच्या उन्हाळ्यात तापमान कसे राखायचे?

टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांवर असावे. मे महिन्यात बंद घरातली हवा ३५ अंशांच्या पुढे सहज जाते. इथे दोन उपाय आहेत. चिलर हे खात्रीचे यंत्र, पण महाग आणि विजेचे भुकेले. दुसरा उपाय मराठवाड्याच्या कोरड्या हवेने दिलेला आहे. कुलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावरून पंखा वाहता ठेवला, तर बाष्पीभवनाने पाणी थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ५०० लिटर पाण्यातून सुमारे एक अंशाची उष्णता बाहेर पडते.

मुंबईच्या दमट हवेत हा पंखा तितका उपयोगी पडत नाही, हिंगोलीत पडतो. मात्र उडालेल्या पाण्याच्या जागी रोज शुद्ध गोडे पाणीच घालायचे. वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहते. वर पुन्हा खारे पाणी घातले तर पाणी अधिकाधिक खारट होत जाते. आर्द्रता वाढली की पंख्याची शक्ती घटते. जूनमधल्या उकाड्यात हे चटकन जाणवते.

वीज गेली तर?

खरा कस इथे लागतो. उबदार खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. पंप थांबले की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही आणि ऑक्सिजन घटू लागतो. टाकीत मासे जास्त असतील तर काही तासांत धोका निर्माण होतो.

सर्वात स्वस्त विमा म्हणजे बॅटरीवर चालणारा एअर पंप. दुसरा म्हणजे घरचा इन्व्हर्टर. त्यावर चिलर आणि दिवे नव्हे, फक्त ३० वॉटचा एक प्रवाह-पंप जोडावा. १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर पंखे-दिव्यांचा भार टाकला नाही, तर तो साधारण दिवसभर चालू शकतो. उन्हाळ्यात वीज लांबली तर बाटल्यांत गोठवलेले पाणी टाकीत तरंगते ठेवावे. बाटलीची झाकणे घट्ट हवीत आणि तापमान सावकाश उतरले पाहिजे.

खारे पाणी आणि वीज एकत्र आहेत, हेही विसरू नये. टाकीच्या जोडणीला गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी हवा. अर्थिंग तपासून घ्यावे. वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे थेंब प्लगमध्ये उतरत नाहीत. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

सुरुवात कशी करावी?

पाणी भरले त्याच दिवशी मासे सोडणे, ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग चूक. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. खडकावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत फक्त पाणी, खडक आणि चिमूटभर खाद्य असते. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागले की मगच पहिली जोडी आणायची.

मासे ऑक्सिजनच्या पिशवीतून रात्रभर प्रवास करून येणार, म्हणून खरेदी थंडीच्या दिवसांत करावी. नवा मासा वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवून पाहावा. ५०० लिटरला सहा ते आठ लहान मासे पुरे. ‘डोरी’ म्हणून ओळखला जाणारा ब्लू टँग दुकानात बोटाएवढा दिसतो, पण तो फूटभर वाढतो. अशा टाकीत तो आणू नये. नको झालेला मासा नदी-तलावात कधीच सोडू नये.

रोजचे काम किती?

रोज तापमान पाहणे, गोडे पाणी भरणे, दोन वेळा थोडे खाद्य आणि पाच मिनिटे निरीक्षण. आठवड्याला काच पुसणे, विष्ठा-खाद्याचा फेस बाहेर काढणाऱ्या स्किमरचे भांडे धुणे, क्षारता आणि नायट्रेट तपासणे. पंधरवड्याला पाणी बदलणे. दिवाळीत किंवा लग्नासाठी आठ दिवस गावाला जायचे तर हे काम शिकलेला माणूस मागे हवा. शेजाऱ्याला ‘खाद्य टाका’ एवढेच सांगून गेल्यास तो प्रेमाने जास्तच टाकतो आणि पाणी बिघडते. खाद्याच्या पुड्या दिवसागणिक बांधून ठेवणे बरे.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

टाकी हा खर्चाचा लहान भाग असतो. चिलर, पंप, स्किमर आणि आरओ मिळून तिच्या पुढे जातात. विजेचे गणित असे : पंप आणि स्किमर मिळून १२० वॉट चोवीस तास, म्हणजे रोज सुमारे तीन युनिट. दिवे २५० वॉट, आठ तास, म्हणजे दोन युनिट. ३५० वॉटचा चिलर उन्हाळ्यात बारा तास चालला तर चार युनिटांहून थोडे जास्त. एकूण रोज नऊ, महिन्याला २७० युनिट. घरगुती दर १०० युनिटांनंतर चढत जातो, तेव्हा हे युनिट घरच्या वापरावर वरच्या दराने लागतील. केवळ माशांची टाकी असेल तर दिव्यांचा खर्च बराच घटतो आणि पंख्यावर भागले तर चिलरचाही.

मग हे करावे का?

वर्षभर पाण्याची सोय आहे, विजेला पर्याय आहे आणि घरातल्या दोन माणसांना हे काम येते, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर क्लाउनफिशच्या जोडीने सुरुवात करायला हरकत नाही. एकाही प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेल, तर गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी अधिक शहाणपणाची. तिला मीठ लागत नाही आणि महिन्याचा खर्चही कमी येतो.

आणि प्रवाळच पाहायचे असेल, तर ते महाराष्ट्राच्याच समुद्रात आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. तिथे प्रशिक्षित माणसाबरोबर स्नॉर्केलिंग करून जिवंत प्रवाळ त्याच्या जागी पाहता येते. फक्त त्याला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही आणि तुकडा खिशात घालून आणायचा नाही.