चाक मोठे झाले, आता हवा किती?

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लग्नसराईत आणि दिवाळीत त्यांच्या गाड्या बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री अशा रस्त्याने धुळ्याकडे निघतात. गाडीत पाच माणसे, मागे सामान, आणि अलीकडे पुष्कळदा कंपनीची चाके काढून बसवलेली मोठी अलॉय व्हील्स. निघण्यापूर्वी हवा भरताना ‘किती ठेवू?’ असे विचारले जाते, आणि उत्तर सवयीने ‘बत्तीस’ किंवा ‘पस्तीस’ येते. हा आकडा मूळ चाकांसाठी बरोबर असेलही. पण तो चाकांच्या व्यासावरून ठरलेला नसतो, तर गाडीचे वजन आणि टायरची भार पेलण्याची ताकद यांवरून ठरलेला असतो. म्हणून टायर बदलला की आकडा पुन्हा ठरवावा लागतो.

गाडीचा भार पेलण्याचे बहुतेक काम टायरमधली कोंडलेली हवा करते, रबराचा वाटा त्या मानाने थोडा. अनेक छोट्या गाड्यांना येणारा टायर घ्या: १८५/६५ आर १५. याची एकूण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर. त्याऐवजी १७ इंची रिमवर २०५/४५ टायर बसवला, तर एकूण उंची ६१६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच राहते. चाक मोठे दिसते ते रिम वाढल्यामुळे. टायरची बाजूची भिंत मात्र १२० मिलिमीटरवरून ९२ वर येते आणि हवेला जागा कमी उरते. कमी हवेने तेवढाच भार उचलायचा, तर तिचा दाब वाढवावा लागतो. ‘टायर रुंद आहे, कमी हवा चालेल’ हा समज म्हणूनच फसवा आहे. टायरची एकूण उंचीच वाढवली, म्हणजे त्याच १५ इंची रिमवर १९५/६५ बसवला, तर हवेला जागा वाढते आणि मूळ आकडा पुरतो. मोठे चाक म्हणताना या दोन गोष्टींची गल्लत होते.

दाब किती वाढवायचा, याचे उत्तर टायरच्या भिंतीवरच आहे. आकारानंतर येणारा ८४, ८७, ८८ असा अंक भारक्षमतेचा निर्देशांक असतो. ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५०० किलो. हे वजन ठरावीक दाबाला मिळते. युरोपीय मानकात साध्या टायरसाठी तो ३६ पीएसआय आणि ‘एक्स्ट्रा लोड’ अर्थात ‘एक्स एल’ टायरसाठी ४२ पीएसआय आहे. खरी मेख इथेच आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिले असेल, तर मूळ ८८ निर्देशांकाचा टायर त्या दाबाला साधारण ५२२ किलो पेलतो. १६ इंची १९५/५५, निर्देशांक ८७, हा टायर तेवढेच वजन सुमारे ३४ पीएसआयला पेलेल. १७ इंची २०५/४५, ८८ ‘एक्स एल’ याला मात्र ३८ ते ३९ लागतील, कारण त्याचे ५६० किलो ४२ पीएसआयला मिळतात. निर्देशांक एकच, तरी हवा पाच-सहा पीएसआय जास्त. आणि ‘एक्स एल’ नसलेला ८४चा टायर घेतला असेल, तर तो पूर्ण दाबालाही ५०० किलोच्या वर जात नाही. तिथे हवा वाढवून काहीही साधत नाही, टायरच बदलला पाहिजे.

उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून थोडी कमीच बरी, असा आक्षेप हमखास येतो. त्यातला पहिला भाग खरा आहे: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. पण थंड टायरसाठी आकडा ठरवतानाच ही वाढ गृहीत धरलेली असते. टायरला घातक ठरते ती त्याच्या स्वतःच्या वाकण्यातून निर्माण होणारी उष्णता. ताशी ८० किलोमीटरला चाक तासात चाळीस हजारांहून अधिक वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत भिंत दबते, सुटते. हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते, जास्त तापते आणि आतले थर सुटू लागतात. ऑगस्ट २०००मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते मुख्यतः फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरच्या बांधणीत दोष होते, पण फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा कमी दाबही वादाच्या केंद्रस्थानी होता. त्याच वर्षी तिथे झालेल्या कायद्यातून पुढे गाड्यांमध्ये दाब कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

जास्त हवेने गाडी आदळते, ही तक्रार अधिक रास्त आहे. गरजेपेक्षा जास्त हवा भरली तर टायर मध्येच झिजतो आणि पकड घटते. म्हणून भिंतीवर छापलेला कमाल दाब हे भरायचे माप नव्हे. पण बुटक्या भिंतीच्या टायरमध्ये हवा कमी ठेवणे याहून वाईट. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात भिंत चिमटते, आतले धागे तुटतात, बाहेर फुगा येतो, कधी रिमही वाकते. आरामदायी प्रवास हवा असेल तर लहान रिम आणि उंच भिंत घ्यावी. हवा कमी करून तो आराम मिळवणे मला धोक्याचे वाटते. नायट्रोजननेही हे गणित बदलत नाही, कारण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

हिशोबाची खात्री करायची तर उधना-पांडेसरा पट्ट्यात वजनकाटे शोधत हिंडावे लागत नाही. माणसे-सामानासह आधी पुढची चाके आणि मग मागची चाके काट्यावर घ्यावीत. एका आसाच्या वजनाचे निम्मे म्हणजे एका टायरचा भार. टायर ठरवलेल्या दाबाला या भारापेक्षा बऱ्यापैकी जास्त पेलणारा असावा, आणि स्टिकरवर पूर्ण भारासाठी मागच्या चाकांना वेगळा आकडा असेल तर तुलना त्याच्याशी करावी. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. नवापूरला थांबून गरम टायर मोजला आणि चार पीएसआय जास्त दिसले, तरी ते काढू नयेत. स्टेपनी बहुधा जुन्या १५ इंची रिमवरच राहते. तिचा आकडा जुनाच, म्हणून जुना आणि नवा, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून डिकीत ठेवले, तर रस्त्यात चाक बदलणाऱ्यालाही कोणत्या चाकात किती हवा हे विचारावे लागणार नाही.