पहिली आठवण चुलीची नव्हे, टाकीची!

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशच्या मादीने खापरीवर केशरी अंडी घातली आणि बाई मोकळी झाली! राखण नराकडे. परांनी वारा घालायचा, मेलेली अंडी तोंडाने काढायची. (आमच्याकडे असं कधी?)

आठव्या रात्री दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर पडली, जेमतेम ४ मिलिमीटरची. त्यांना लागतं रोटिफर नावाचं बारीकसं जिवंत खाद्य, आणि रोटिफर जगतात हिरव्या शेवाळपाण्यावर. आमचं ते पाणीच नासलं होतं. तिसऱ्या सकाळी टाकीत एकही पिल्लू नाही. गटातल्या काकू चक्क रडल्या.

पुढच्या खेपेला आधी शेवाळ, मग रोटिफर, मग अंड्यांची वाट. बाराव्या दिवशी पांढरे पट्टे उमटले. काकूंनी दोनदा मोजली, एकेचाळीस!