यंदा शोफार नाही

गेल्या साली नव्याच्या सणाला आमच्या नातवाने सिनेगॉगमध्ये शोफार का वाजवला नाही, असे पुष्कळांनी विचारले. प्रत्येकाला फोनवर सांगून आम्ही दोघं दमलो, म्हणून इथे लिहितो.

त्याचा वरचा जबडा मागे राहिलेला. पुढचे दात जुळत नसत, पाव तोडायचा तर बाजूच्या दातांनी. वाढ पुरी झाल्यावर, अठराव्या वर्षी, ऑपरेशन झालं. वरचा जबडा आडवा कापून पुढे आणतात व टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. या कापाला ‘ल फोर्त एक’ म्हणतात. रेने ल फोर्त या फ्रेंच डॉक्टरने मृतांच्या कवट्यांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडं कुठे मोडतात ते १९०१ साली मांडलं होतं, त्याचं हे नाव.

मुलांनो, गालाच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते, ती सायनस. समजा मोरी आहे, पण पाणी जायचं भोक भिंतीत वर आहे. आतला शेंबूड बारीक केस वर ढकलत नेतात, तेव्हा तो नाकात उतरतो. जबड्याचा काप याच पोकळीच्या भिंतींतून जातो. आत रक्त साचतं, अस्तर सुजतं, भोक बुजतं. मग जंतूंना आयतंच घर! बहुतेकांना हा त्रास होत नाही. आमच्या पोराला झाला.

आधी बरं वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात एका बाजूचं नाक चोंदलं, पिवळं, घाण वासाचं पाणी येऊ लागलं, वाकलं की गाल जड. आम्ही म्हटलं, सर्दी आहे. दवाखान्यातही सर्दीच्या गोळ्या मिळाल्या. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवायचं कुणालाच सुचलं नाही, ही चूक आमचीच.

मग कळलं, एलुल लागला म्हणून हा दार लावून शोफारचा सराव करत होता! नाक शिंकरू नको, शिंक आली तर तोंड उघड, हे त्याला सांगितलं होतं. शोफारचं आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण फुंकणं ताबडतोब बंद केलं. सीटी स्कॅनमध्ये एक सायनस भरलेला दिसला. पट्ट्या घट्ट होत्या, त्या काढाव्या लागल्या नाहीत. अँटिबायोटिक आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं, यावर उतार पडला.

सणाला चिकाचा हलवा मात्र त्याने दोनदा मागून घेतला. शोफार शेजारच्या काकांनी वाजवला. हा आमच्या बाजूला उभा राहून बोटांवर सूर मोजत होता.