दोडामार्ग ते आग्वाद : तीन दिवसांची पायवाट

गेल्या डिसेंबरच्या १७ तारखेस, उजाडण्यापूर्वीच, आम्ही सहाजण दोडामार्गच्या नाक्यावर उभे होतो. पुढे गोव्याची हद्द आणि डिचोली तालुका. चहाच्या गाडीवाल्याने आमच्या पाठीवरच्या पिशव्या पाहून विचारले, "खंय वतात?" आग्वादला, पायी, असे सांगताच त्याने आमच्याकडे निरखून पाहिले आणि डिचोलीची पहिली बस थोड्या वेळात सुटेल, अशी माहिती मोठ्या आपुलकीने दिली.

त्याचे चुकले नव्हते. सहांपैकी चौघांचे केस पिकलेले. आमच्यातील दोघांची कुळे डिचोली तालुक्यातली. तीन पिढ्यांपूर्वी पोटापाण्यासाठी माळव्यात गेलेली आणि तेथलीच झालेली. एक शिक्षिका वहिनी, त्यांचे यजमान, कॉलेजात शिकणारा त्यांचा मुलगा, आणि या साऱ्या खटाटोपाचे मूळ असलेले आमच्या मंडळातील निवृत्त सुभेदारसाहेब. नाव छापू नये अशी त्यांची अट आहे. १९७१ च्या युद्धात त्यांच्या तुकडीतील चौघे पडले. त्या चौघांची नावे आणि गावे लिहिलेली एक वही त्यांच्याजवळ असते. निवृत्तीनंतर त्यांनी ती चारही गावे पाहिली. प्रत्येक वेळी शेवटचा टप्पा ते पायी गेले.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या सभेत स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाची चर्चा चालू असता ते म्हणाले होते, "पुष्पहार घालायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत मला कोणीच आठवत नाही. चालायला लागलो की सगळे येतात." सभेने हे ऐकून घेतले आणि हाराचा खर्च मंजूर केला. आम्हांला मात्र ते वाक्य सोडीना.

चालून स्मरण करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. बाजीप्रभू आणि त्यांचे बांदल साथी घोडखिंडीत पडले ते जुलै १६६० मध्ये. आजही दर जुलैत पन्हाळगडावरून शेकडो माणसे भर पावसात चिखल तुडवीत पावनखिंडीकडे निघतात. ही वाट मोटारीने गेल्यास खिंडीचा अर्थच लागत नाही. रात्रभर चाललेल्या थकल्या माणसांनी तेथे उभे राहून काय केले, हे पोटऱ्या भरून आल्यावरच कळते. परदेशांतही हा विचार आहे. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपाइन्समधील बाताआन येथे शरण आलेल्या अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांना जपान्यांनी उपाशीतापाशी चालवीत नेले आणि हजारो वाटेतच मेले. त्यांत न्यू मेक्सिको राज्यातील जवान पुष्कळ होते. १९८९ पासून त्या राज्यातील वाळवंटात त्यांच्या स्मरणार्थ बेचाळीस किलोमीटरांची पदयात्रा निघते आणि काहीजण पाठीवर सोळा किलोंचे ओझे मुद्दाम घेतात. मग १९६१ साली गोव्यात पडलेल्यांसाठी दोडामार्गची वाट का चालू नये?

ही वाट निवडण्यास कारण होते. 'ऑपरेशन विजय'चा मुख्य हल्ला पूर्वेकडून सतराव्या पायदळ डिव्हिजनने करावयाचा होता. उत्तरेकडून येणाऱ्या, ब्रिगेडिअर सगतसिंग यांच्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडकडे काम होते ते साहाय्याचे. परंतु पेरलेले सुरुंग, रस्त्यांवरील अडथळे आणि चार नद्या ओलांडून पणजीस आधी पोहोचली ती हीच ब्रिगेड. १७ डिसेंबर रोजी याच तालुक्यातील मावळिंगे येथे पहिली चकमक झडून दोन पोर्तुगीज सैनिक ठार झाले, आणि १८ च्या सकाळी ब्रिगेडचे तीन भाग निघाले. मराठ्यांची दुसरी पॅरा पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे, पंजाबची पहिली पॅरा बाणस्तारीकडे, तर दुसरी शीख लाइट इन्फंट्री आणि सातव्या कॅव्हलरीची चिलखती दले थिवीमार्गे बेतीकडे.

लाटंबार्से, कासारपाल, अडवलपाल ही या बाजूची गावे. रस्त्याकडेस काजूची झाडे, मध्येच माडा-पोफळींची बागायत, आणि तांबडी माती एवढी की दुपारपर्यंत आमचे पांढरे कॅनव्हासचे बूट तिच्याच रंगाचे झाले. सुभेदारसाहेब पुढे चालत होते. पन्नास मिनिटे चाल आणि दहा मिनिटे विसावा, हा त्यांचा शिरस्ता. विसाव्याला कोणी झाडाखाली आडवे झाले की ते चक्क रागावत. कॉलेजातला मुलगा पहिल्या दोन तासांत गाणी ऐकून घेत होता. तिसऱ्या तासास त्याने कानांतील यंत्र काढून खिशात घातले आणि सुभेदारसाहेबांना त्या चौघांविषयी विचारू लागला. आम्ही मागे होतो. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

उन्हे उतरताना डिचोली लागली. आमच्या पूर्वजांचे गाव म्हणून नव्हे, पण डिचोली हे कोणासही चटकन आपले वाटावे असे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. 'नव्या काबिजादी' म्हणतात त्यांतला हा भाग. त्यामुळे येथील देवळे राहिली आणि देवळांबरोबर मराठी कीर्तन, नाटक आणि पोथीही राहिली. जवळच नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ते बांधविले.

मुक्काम आमच्या आतेभावाकडे होता. उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटांचे हुमण पोटभर झाल्यावर सोप्यावर गोष्टी निघाल्या आणि तेथेच पहिला वाद पेटला. आतेभाऊ म्हणाले, सुभेदारसाहेब स्वतः मराठा पलटणीचे. तेव्हा उद्या साखळीवरून उसगावकडे वळावे आणि आपल्या माणसांच्या वाटेने फोंड्यास जावे, हे उत्तम. आम्हांलाही ते पटले होते. सुभेदारसाहेबांनी बराच वेळ तांब्यातले पाणी पेल्यात ओतून घेतले आणि म्हणाले, "फोंड्याचा रस्ता माझ्या अभिमानाचा आहे. तो मी पुन्हा केव्हातरी चालेन. देणे आग्वादकडे आहे."

मग वहिनी बोलल्या. त्यांचे माहेर उज्जैनचे. "देणे म्हणायचे तर ते १९५५ पासून मोजा," असे त्यांचे म्हणणे. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे पंजाबातील इसरू गावचे कर्नेलसिंग पडले. उज्जैनच्या मराठी घरातील राजाभाऊ महाकाळ त्याच दिवशीच्या गोळीबारात गेले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय तिरंगा हाती असता गोळ्यांनी जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. "आपण माळव्यातले लोक गोव्याला मौजेसाठी येतो," वहिनी म्हणाल्या, "राजाभाऊ कशासाठी आले होते? त्यांची नावे तुमच्या वहीत का नकोत?"

सुभेदारसाहेबांचे उत्तर आम्हांस त्या रात्री कठोर वाटले. ते म्हणाले, "सैनिक हुकमाने जातो. हाती शस्त्र असते, मागे तोफखाना असतो. या माणसांना हुकूम कोणी केला नव्हता आणि हातही रिकामे होते. मी त्यांना माझे साथी म्हणू लागलो तर स्वतःलाच मोठे करून घेईन. त्यांचा मान निराळा आहे. त्यांच्यासाठी निराळे चाला." वहिनी गप्प झाल्या, पण मान्य झाल्या नाहीत. आमच्या मते दोघांचेही खरे होते. सरसकट 'हुतात्मे' म्हणून एका दगडावर सर्वांना कोरून टाकले की कोण कोठून, कशासाठी, कसा आला हा फरक पुसला जातो, आणि फरक पुसला की माणूसही पुसला जातो.

दुसरा दिवस अस्नोडा, थिवी, म्हापसा असा गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. रहदारी, ऊन आणि पायांचे फोड. म्हापशास सुभेदारसाहेबांचा उजवा गुडघा एवढा सुजला की तिसऱ्या दिवशी त्यांना बेतीपर्यंत बसने जावे लागले. हे त्यांना फार लागले. बसमध्ये चढताना त्यांनी आपली पिशवी त्या मुलाच्या पाठीवर दिली. पिशवी तरी चालत जावी, एवढाच त्यांचा हट्ट होता.

बेतीच्या धक्क्यावरून समोर मांडवीपलीकडे पणजी दिसते. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास आपले सैन्य येथे पोहोचले आणि नदी ओलांडण्याचा हुकूम नसल्याने थांबले. रात्री आठ वाजता ग्रेगोरियो माग्नो आंताव हे गोमंतकीय गृहस्थ नदी ओलांडून आले. त्यांनी पोर्तुगीज अधिकाऱ्याचे युद्धबंदीविषयीचे पत्र सातव्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिधू यांच्या हाती दिले. म्हणजे लढाई संपल्यातच जमा होती. परंतु आग्वादच्या किल्ल्यात भारताचा पक्ष घेणारे कैदी आहेत, असे कळल्यावरून मेजर सिधू त्याच रात्री तुकडी घेऊन तिकडे निघाले. किल्ल्यातील शिबंदीला शरण जाण्याचा हुकूम पोहोचला नव्हता. तिने गोळीबार केला आणि मेजर सिधू व कॅप्टन विनोद सेहगल ठार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्या पणजीत उतरल्या, तेव्हा कोणीही प्रतिकार केला नाही. त्याच संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती दिली.

एका निरोपाचा उशीर. पुस्तकात हे वाचले होते. पण बेतीहून आग्वादचे अंतर पायांनी मोजताना, मांडवीचे मुख डाव्या हातास ठेवून चालताना, तो उशीर किती लहान होता ते उमगले. त्या रात्री दोघांना ही वाट चालण्याचे बंधन कोणीही घातलेले नव्हते.

सुभेदारसाहेब बेतीस आमच्यात मिळाले आणि उरलेली वाट, काठी टेकीत का होईना, चालले. पन्नास मिनिटांचा शिरस्ता मोडून दर वीस मिनिटांनी थांबावे लागे. आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झाला आहे. सुटीच्या दिवसांमुळे तेथे सहलीच्या मंडळींची गर्दी उसळलेली. आम्ही तटाच्या एका कडेस, समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. सुभेदारसाहेबांनी वही काढली, चार नावांखाली एक ओळ मोकळी सोडली आणि मग दोन नावे लिहिली. त्यांनी सलाम केला तेव्हा जवळच छायाचित्रे काढणारे एक कुटुंब आपण होऊन बाजूस सरकले.

परतताना पत्रादेवीस गेलो ते मोटारीने. स्मारकापाशी आम्ही किती वेळ होतो, हे त्या मुलाने घड्याळात पाहिले होते : सात मिनिटे. गाडीत बसल्यावर त्याने ते सांगितले आणि वहिनींनी सुभेदारसाहेबांकडे पाहिले.

तेव्हा येत्या १५ ऑगस्टसाठी सावंतवाडीहून बांदामार्गे पत्रादेवीपर्यंत चालण्याचे ठरले आहे. इसरू गावात त्या दिवशी कर्नेलसिंगांच्या स्मरणार्थ मेळा भरतो; त्याच दिवशी इकडेही काही पावले पडतील. सुभेदारसाहेब गुडघ्यावर रोज संध्याकाळी तेल चोळीत आहेत आणि या खेपेस पुढे वहिनींनी चालावे, असे त्यांनीच सुचविले आहे. वाचकांपैकी कोणास यावयाचे असल्यास मंडळाच्या पत्त्यावर कळवावे. कोकणातला ऑगस्ट आहे. छत्रीपेक्षा कांबळे किंवा घोंगडे बरे, आणि पायांत नवी पादत्राणे मुळीच घालू नयेत.