मराठीत अडणारी ॲप : जोयडा तालुक्यातील अनुभवावरून दोषशोधाच्या काही पायऱ्या

मोबाइलवरचे एखादे ॲप नीट चालत नाही अशी तक्रार आली की जोयडा तालुक्यात बहुधा एकच उपाय सांगितला जातो : फोनची भाषा इंग्रजी करा. उपाय बऱ्याचदा लागू पडतो, म्हणून तो तोंडोतोंडी पसरतो. मात्र त्यातून वापरणारा जो धडा घेतो तो भाषेच्या दृष्टीने महाग पडतो. मराठी ठेवली तर काम अडते, मराठी सोडली तर काम होते, असा तो धडा असतो. या लेखात अशा अडचणींची कारणे आणि त्या शोधण्याची रीत मांडायची आहे. दोष ॲपच्या रचनेत असतो, तो तेथेच दुरुस्त होऊ शकतो आणि त्यासाठी वापरणाऱ्याला आपली भाषा बदलावी लागू नये, हे त्यातून स्पष्ट व्हावे.

जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्याचा गोव्याला लागून असलेला तालुका. काळी नदीवरील धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. तालुक्याचा मोठा भाग व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. घरात कोकणी किंवा मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, असा येथील व्यवहार असल्याने एकाच वाडीत एका फोनची भाषा कन्नड, दुसऱ्याची मराठी आणि तिसऱ्याची इंग्रजी असते. दोष शोधणाऱ्याला ही फार सोयीची परिस्थिती आहे. तेच ॲप तीन भाषांच्या फोनांवर शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. शब्दसंग्रह, दुकानाचा हिशेब, गावाची पाहणी अशा कामांसाठी इतरांनी बनवलेली ॲप दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात. पुढील निरीक्षणे त्या कामातून आलेली आहेत.

पहिला प्रश्न : मजकूर बिघडला की त्याचे चित्र?

पडद्यावर मराठी विचित्र दिसली तर आधी एकच गोष्ट तपासावी. तो मजकूर निवडून दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये, उदाहरणार्थ साध्या टिपणवहीत, चिकटवावा. तेथे तो नीट दिसला तर साठवलेली माहिती शाबूत आहे, फक्त ती रेखाटणारा भाग चुकतो आहे. तेथेही तो बिघडलेलाच दिसला तर माहिती साठवताना किंवा पाठवतानाच नासली आहे.

पहिल्या प्रकारची ठळक खूण म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न दिसता नंतर दिसणे आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसणे. पीडीएफ तयार करणाऱ्या काही जुन्या घटकांत असे होते. अक्षरांचे संकेतांक एकामागून एक मांडले की लिपी झाली, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. देवनागरीत संकेतांकांवरून आकार ठरवणारी एक वेगळी पायरी लागते. हार्फबझसारखी मुक्त प्रणाली ती पायरी पार पाडते. संगणकावरील ॲपमध्ये पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेली असली, तर रेफ आणि मात्रा वरून कापल्या जातात. त्यावर उपाय म्हणजे उंची फॉन्टच्या मापावरून काढणे.

दुसऱ्या प्रकारात मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ज्या संकेतप्रणालीत देवनागरीला जागाच नाही तिच्यातून मजकूर नेला की असे होते. मूळ अक्षरे तेथेच पुसली जातात आणि फॉन्ट बदलून ती परत येत नाहीत. याउलट, एक्सेलमध्ये मजकुराची फाइल उघडल्यावर परकीय चिन्हांचा गुंता दिसला, तर बहुधा फाइल यूटीएफ-८ मध्ये असते आणि एक्सेल ती दुसऱ्या संकेतात वाचत असते. अशी फाइल तशीच जतन करू नये. ती बंद करून, आयात करताना योग्य संकेतप्रणाली निवडावी. माहिती वाचते.

आकड्यांचा घोटाळा

कन्नड आणि इंग्रजी फोनवर चालणारे ॲप फक्त मराठी फोनवर अडत असेल, तर पहिला संशय आकड्यांवर घ्यावा. प्रत्येक भाषेचे तारीख, अंक, चलन यांविषयीचे संकेत युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या संग्रहात एकत्र ठेवलेले आहेत. त्यात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक मानले आहेत, तर हिंदी आणि कन्नडसाठी आंतरराष्ट्रीय अंक. अँड्रॉइड हाच संग्रह वापरते. त्यामुळे जावा किंवा कोटलिनमध्ये भाषा न सांगता अंक किंवा तारीख मजकुरात बदलली, तर मराठी फोनवर ती देवनागरी अंकांत तयार होते.

माणसासाठी हे योग्यच आहे. पण तीच तारीख सर्व्हरकडे गेली, फाइलच्या नावात बसली किंवा माहितीकोशाच्या आज्ञेत शिरली की पलीकडचे यंत्र ती ओळखत नाही आणि नोंद नाकारते. शेजारच्या कन्नड फोनवरून तीच नोंद जाते. मग दोष फोनचा, कंपनीचा किंवा वापरणाऱ्याचा ठरवला जातो.

दुरुस्ती एका नियमात सांगता येते : यंत्रासाठीचा मजकूर भाषानिरपेक्ष रीतीने तयार करावा, माणसासाठीचा त्याच्या भाषेत. प्रत्येक ठिकाणी हा मजकूर कोण वाचणार आहे, असे स्वतःला विचारून तसे स्पष्ट लिहावे. अँड्रॉइडची विकसन साधने भाषा न सांगितलेल्या जागांवर इशाराही देतात. तो दुर्लक्षिला जातो एवढेच.

उलट दिशेची अडचणही आहे. वापरणाऱ्याने रकान्यात ५ हा देवनागरी अंक भरला, तर जावा आणि पायथन यांची नेहमीची पूर्णांक वाचण्याची आज्ञा तो ओळखते, जावास्क्रिप्टची ओळखत नाही. म्हणून बाहेरून आलेले अंक प्रथम एका रूपात आणावेत आणि मगच तपासावेत.

दिसायला एक, साठवायला दोन

शब्द संग्रहात आहे, पण शोधल्यावर सापडत नाही, ही कोशाच्या कामातील नेहमीची तक्रार. ‘ॲप’ हाच शब्द घ्या. त्यातील पहिल्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोवर अ आणि त्यापुढे चंद्र असे दोन संकेतांक वापरले जात आणि आजही वापरले जातात. मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालणारेही आहेत. शिवाय ‘ऍ’ वापरणारे वेगळेच. वाचणाऱ्याला शब्द एकच, यंत्राला चार.

डोळ्यातील र, म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील र, याचीही तीच गत. तो ऱ या संकेतांकाने लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही लिहिता येतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ होतो, पण अदृश्य चिन्हाने घडवलेले रूप त्यात येत नाही. ‘ॲ’चेही तसेच आहे. म्हणून मराठीसाठी हे नियम ॲपमध्ये वेगळे लिहावे लागतात आणि साठवताना व शोधताना दोन्ही वेळा लावावे लागतात.

येथे एक धोका आहे. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, असे समजून काही प्रणाली ती सरसकट काढून टाकतात. मग दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ या शब्दाचे ‘दर्या’ होते. सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्याच्या वर्णनात दऱ्यांचा समुद्र झाला, तरी कोणताही इशारा उमटत नाही. आधी ऱ मध्ये रूपांतर आणि त्यानंतरच साफसफाई, हा क्रम सोडू नये.

अक्षर मोजण्याची रीत

‘जोयडा’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याचे पाच संकेतांक होतात आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. ‘स्त्री’ हे एकच अक्षर, पण संकेतांक सहा आणि बाइट अठरा. ॲप यांपैकी नेमके काय मोजते, हे माहीत नसेल तर लांबीची मर्यादा घातक ठरते. ‘गणेशगुडी’ हे नाव सात संकेतांकांवर तोडले की ‘गणेशगुड’ उरते. ते चुकीचे आहे, पण मोडलेले दिसत नाही. त्यामुळे ते यादीत तसेच राहते. मजकूर तोडायचाच असेल तर पूर्ण अक्षराच्या सीमेवर तोडावा. तशी सोय आयसीयू या मुक्त ग्रंथालयात आहे. लघुसंदेशाचीही तीच गोष्ट. इंग्रजीत एका संदेशात १६० वर्णचिन्हे मावतात, देवनागरीत ७०.

नाव तपासणारे नियम हा याचाच दुसरा पैलू. केवळ अक्षरे चालतील, असा नियम घातलेला रकाना ‘कमल’ हे नाव स्वीकारतो आणि ‘गणेश’ नाकारतो. कारण युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ आहेत. वापरणाऱ्याला मात्र काही मराठी नावे चालतात आणि काही चालत नाहीत, एवढेच दिसते. नियमात चिन्हांचा वर्गही घेतला की अडचण संपते.

क्रम

मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. युनिकोडमध्ये ळ चा संकेतांक ल च्या लगेच पुढे आहे. संकेतांकांवरून लावलेल्या यादीत ‘काळी’ हा शब्द ‘कावळा’ आणि ‘कासव’ यांच्या आधी जातो. मराठी क्रमाने तो त्यांच्या नंतर यायला हवा. शब्दसंग्रहात हे चालणार नाही. मराठीचा क्रम आयसीयूमध्ये उपलब्ध आहे, पण यादी मराठीची आहे हे ॲपने सांगितले पाहिजे. फोनच्या भाषेवर विसंबले, तर तीच यादी दोन फोनांवर दोन क्रमांनी दिसू शकते.

कन्नडमधून देवनागरीत

गावांची आणि माणसांची नावे सरकारी कागदांत कन्नड लिपीत असतात. ती देवनागरीत आणण्याचा एक सोपा मार्ग आहे. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे तक्ते समांतर मांडलेले असल्याने कन्नड संकेतांकातून ८९६ वजा केले की त्याच जागेचे देवनागरी अक्षर मिळते. पण कन्नडात ए आणि ओ यांची ऱ्हस्व रूपे वेगळी आहेत, मराठीत नाहीत. त्यामुळे याच जिल्ह्यातील होन्नावरचे ‘हॊन्नावर’ होते. मात्रेचा आकार थोडा वेगळा असतो. घाईत तो लक्षात येत नाही, शोधताना मात्र नाव सापडत नाही. वजाबाकीनंतर ही ऱ्हस्व रूपे मराठी रूपांत बदलण्याची पायरी ठेवावी आणि मूळ कन्नड नोंद कधीही पुसू नये.

जंगलातले नेटवर्क

जोयड्यातील अनेक वाड्यांत नेटवर्क अधूनमधूनच मिळते. येथे ॲपने नोंद प्रथम फोनमध्येच पक्की करावी आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवावी. यात तीन दोष वारंवार आढळतात. पाठवलेली नोंद पोचली, पण पोच परत आली नाही, तर ॲप ती पुन्हा पाठवते आणि एकाच्या दोन नोंदी होतात. फोनवरच प्रत्येक नोंदीला कायमचा स्वतंत्र क्रमांक दिला, तर सर्व्हरला दुसरी प्रत ओळखता येते. दोघांनी एकच नोंद वेगवेगळी सुधारली, तर शेवटी आलेली आधीचीवर लिहिली जाते. त्याऐवजी दोन्ही ठेवून संपादकाला विचारावे. तिसरा दोष बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेचा. ती ॲपचे पडद्यामागचे काम थांबवते आणि वापरणाऱ्याला नोंदी गेल्याच असे वाटते. किती नोंदी जायच्या आहेत तो आकडा पडद्यावर ठळक दाखवावा. एखाद्या वयोवृद्ध कुणबी स्त्रीने सांगितलेली कंदांची नावे आणि तिचा आवाज पुन्हा मिळेलच, याची खात्री नसते.

तक्रार आणि चाचणी

दोष सुधारण्याचे निम्मे काम चांगली तक्रार करते. तक्रारीत फोनचे प्रारूप, प्रणालीची आवृत्ती, फोनची भाषा, वापरलेला कळफलक आणि केलेल्या कृतींचा क्रम असावा. पडद्याच्या छायाचित्रासोबत मूळ मजकूरही चिकटवून पाठवावा, कारण छायाचित्रात संकेतांक दिसत नाहीत. भाषा बदलल्यावर ॲप चालले, तर तेही लिहावे. दोष कोठे आहे हे सांगणारा तो सर्वांत मोठा पुरावा असतो.

ॲप बनवणाऱ्यांनी ते लोकांच्या हाती देण्यापूर्वी फोनची भाषा मराठी करून काही शब्द घालून पाहावेत : दऱ्या आणि दर्या, ऱ्हस्व, ॲप, स्त्री, कर्तृत्व, हृदय, क्षेत्र, ज्ञानेश्वर, काळी, गणेशगुडी, आणि देवनागरी अंकांत एक तारीख. हे शब्द साठवावेत, शोधावेत, क्रमाने लावावेत, छापावेत आणि सर्व्हरवरून परत आणावेत. याला अर्धा तास पुरतो. भाषासंस्थांनी अशी यादी प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली आणि सार्वजनिक पैशातून बनणारे प्रत्येक ॲप त्या यादीवर तपासूनच स्वीकारले जावे असा आग्रह धरला, तर फोनची भाषा इंग्रजी करण्याचा सल्ला देण्याची वेळ फारशी येणार नाही.