जुन्या होडीला इंजिन किती अश्वशक्तीचे ?

ज्येष्ठ-आषाढात कोकणच्या किनाऱ्यावरील होड्या वाळूवर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. पावसाळी मासेमारी बंदीच्या या दिवसांत जाळ्यांची डागडुजी होते, मागील हंगामाचे हिशेब मिटतात आणि जुन्या होड्यांचे सौदेही ठरतात. नव्या होडीची किंमत आवाक्याबाहेर गेलेली असल्याने वीस-बावीस फुटांची वापरलेली फायबरची होडी घ्यावी, तिच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवावयाचे, म्हणजे आउटबोर्ड पद्धतीचे इंजिन बसवावे आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून कामाला लागावे, असा लहान मच्छीमाराचा बेत असतो. होडीच्या किमतीबाबत तो पुष्कळ घासाघीस करतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र, शेजारच्या होडीला किती अश्वशक्तीचे आहे, एवढीच चौकशी बहुधा होते आणि त्याहून थोडे मोठे घ्यावे असे ठरते.

कर्जप्रकरणावर ज्यांचे मत विचारले जाते ते पंचायत सदस्य, मच्छीमार सहकारी संस्थेच्या कामात मदत करणारे शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांनी या निर्णयामागचे गणित समजून घेणे उपयुक्त ठरेल. ते अवघड नाही. इंजिनाचा आकार होडीचे वजन आणि तिची पाण्यातील लांबी यांवरून ठरावयास हवा.

लांबी आणि वेग

पाणी कापीत जाणारी होडी स्वतःभोवती लाट उठविते. वेग वाढत जातो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातील लांबीइतकी झाली की होडीचा मागचा भाग लाटेच्या खळग्यात बसतो, नाळ वर उचलली जाते आणि त्यापुढे इंजिनाची बहुतेक शक्ती लाट वाढविण्यातच खर्ची पडते. हा वेग काढण्याची रीत सोपी आहे. पाण्याच्या रेषेवर होडी जितके फूट लांब असेल त्या संख्येचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पाण्यातील लांबी १६ फूट असल्यास हा वेग ५.४ नॉट, २० फुटांस ६ नॉट आणि २५ फुटांस ६.७ नॉट भरतो. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० नंतरच्या दशकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या हौदात ओढून या लाटांचा अभ्यास केला होता. आमच्या तांडेलांना हा नियम पुस्तकाशिवायही ठाऊक असतो; ‘होडी बसली’ असे ते म्हणतात.

पाण्यावरून घसरत धावणाऱ्या हलक्या होड्या ही मर्यादा ओलांडतात हे खरे. परंतु त्यासाठी दर वीस-पंचवीस किलो वजनामागे एक अश्वशक्ती लागते. जाळी, बर्फ आणि मासळी यांनी भरलेल्या होडीला हा हिशेब परवडणारा नाही.

आता बावीस फुटांची एक होडी उदाहरणादाखल घेऊ. तिची पाण्यातील लांबी सुमारे २० फूट धरू. रिकाम्या होडीचे वजन ७०० किलो, तीन माणसांचे २००, बोये व शिशासह जाळ्याचे ३००, बर्फ व पेटीचे २००, इंजिन, इंधन व नांगराचे १०० आणि मासळी ५०० किलो, असे एकूण दोन टन वजन झाले. अशा होडीला तिच्या सहज वेगापर्यंत नेण्यास टनामागे चार ते पाच अश्वशक्ती पुरते. म्हणजे दहा अश्वशक्तीचे इंजिन झाले. त्याऐवजी पंचवीसचे बसविले तर वेग अडीचपट होत नाही. एखाद-दीड नॉटच वाढतो.

मासेमारीची जागा सहा सागरी मैलांवर आहे असे समजू. दहा अश्वशक्तीवर जाण्यास एक तास व येण्यास एक तास लागेल. पंचवीसवर साडेसात नॉटने प्रत्येक वेळी ४८ मिनिटे लागतील. चार टप्प्यांच्या म्हणजे फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाने पूर्ण जोरावर दहा अश्वशक्तीस ताशी पावणेचार आणि पंचवीसला नऊ लिटर पेट्रोल खाल्ले, तर पहिल्या होडीस फेरीमागे साडेसात व दुसरीस जवळजवळ साडेचौदा लिटर लागेल. फेरीमागे वाचलेली २४ मिनिटे सात लिटर पेट्रोल देऊन विकत घेतली आणि दीडशे फेऱ्यांच्या हंगामात एक हजार पन्नास लिटर गेले. दोन टप्प्यांचे जुने इंजिन असेल तर खर्च आणखी वाढतो, कारण त्यास अश्वशक्तीमागे ताशी सुमारे अर्धा लिटर लागतो. लिलावाला लवकर पोहोचल्याने मासळीला चार पैसे जास्त मिळतात, हे काही बंदरांवर खरे आहे. ते किती, हे मात्र वहीत मांडून पाहिल्याशिवाय धरून चालू नये.

केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर ही इंजिने झपाट्याने पसरली. प्रारंभी सात-आठ अश्वशक्तीची इंजिने होती. चढाओढीत ती पंचवीस आणि चाळीसपर्यंत गेली. सर्वांचीच शक्ती वाढल्यावर कोणीच पुढे राहत नाही, इंधनाचे बिल मात्र सर्वांचेच वाढते.

लहान इंजिनाचा धोका

याचा अर्थ सर्वांत लहान इंजिन घ्यावे असा नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांच्या मुखाशी उधाणाच्या ओहोटीला पाणी जोराने बाहेर पडते. समोरून तीन नॉटचा प्रवाह असेल तर पाच नॉटची होडी दोनच नॉटने पुढे सरकते, आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतील तर तेथेच तिची परीक्षा होते. म्हणून नेहमीच्या प्रवासात इंजिनाची तीन-चतुर्थांश शक्ती वापरावी आणि उरलेली अशा प्रसंगासाठी राखावी. आमच्या उदाहरणातील होडी अशा मुखातून रोज ये-जा करीत असेल तर पंधरा अश्वशक्तीची मागणी रास्त मानावी. मात्र तीच होडी आतल्या खाडीत भरती-ओहोटी पाहून चालविली जात असेल तर आठही पुरेल.

होडीचे खरे वजन

वापरलेल्या होडीबाबत सर्वांत फसवी गोष्ट तिचे वजन होय. फायबरच्या होडीत तळ आणि वरची फळी यांच्यामध्ये भरलेला फेस वर्षानुवर्षे पाणी पितो. दुरुस्तीचे थरांवर थर चढतात. विकणारा सातशे किलो सांगत असला तरी शक्य तेथे होडी काट्यावर चढवावी. तसे न जमल्यास ती पाण्यात सोडून नेहमीइतकी माणसे बसवावीत आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजावे.

त्यानंतर मागची फळी पाहावी. फायबरच्या आत बहुधा प्लायवुड असते आणि इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. लहान हातोडीने ठोकत गेले असता खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला, तर त्या फळीवर मोठे इंजिन चढविणे म्हणजे ते समुद्राला अर्पण करणेच होय. मोठ्या इंजिनाचे जादा वजनही याच फळीवर, होडीच्या अगदी टोकाला पडते. त्यामुळे मागचा काठ खाली बसतो आणि पाठीमागून आलेली लाट आत येते.

इंजिन होडीबरोबरच मिळत असेल तर ते थंड असताना सुरू करून पाहावे. थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडते काय, गिअरचे तेल दुधाळ झाले आहे काय, आणि सुटे भाग व जाणता मिस्त्री जवळच्या बंदरात मिळतो काय, या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ काम होते. दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळावी लागते. आखूड दांडा १५ इंची व लांब २० इंची फळीसाठी असतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. ती वर राहिल्यास पंखा हवा ओढतो आणि अश्वशक्ती फुकट जाते.

पंख्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. सैरसपाट्याच्या हलक्या नौकेवरून काढलेल्या इंजिनाला मोठ्या आट्याचा पंखा असतो. तोच भरलेल्या मासेमारी होडीवर लावला तर इंजिन दम लागल्यासारखे चालते आणि लवकर झिजते. पूर्ण भार घेऊन, पूर्ण जोर देऊन, इंजिन कारखान्याने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते की नाही हे पाहावे. पोहोचत नसेल तर कमी आट्याचा पंखा घ्यावा. आटा एक इंच कमी केला की मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. मोठ्या इंजिनाची मागणी करणाऱ्या अनेकांची अडचण या एका पंख्याने सुटण्याजोगी असते, आणि त्याची किंमत इंजिनाच्या तुलनेत अगदीच थोडी असते. कर्जाच्या अर्जावर शिफारस लिहिण्यापूर्वी ही चाचणी घेण्यास अर्जदाराला अवश्य सांगावे. सौदा पक्का होण्याआधी होडी भरून, खाडीत एका उधाणाच्या ओहोटीविरुद्ध चालवून पाहण्यास विकणारा तयार नसेल, तर दुसरी होडी पाहावी.